दारातली दमदाटी, कंपनीची टोलवाटोलवी

उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. अशाच एका दुपारी वहिनींचा फोन वाजला.

"पार्सल हाय तुमचं. बसस्टँडावर या."

"घरी आणून द्या की भाऊ. पत्ता पुरा टाकलाय."

"तिकडं कोण येतंय एका पार्सलसाठी? मी निघलालो उदगीरला. यायचं तर या, न्हाईतर रिटर्न मारतो."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा तो आला. प्रेशर कुकर होता. किंमत १,२४९ रुपये, पैसे दारात द्यायचे. त्यानं १,३०० मागितले. वरचे ५१ कशाचे, तर पेट्रोलचे. बिलावर आहेत तेवढेच देते, असं वहिनी म्हणाल्या. त्यावर तो गाडीवरून उतरून फाटकाच्या आत आला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घर बघून ठेवलंय तुमचं. पुन्हा काही मागवा, मग सांगतो." वहिनींनी १,३०० दिले, आत आल्या आणि कडी लावली.

संध्याकाळी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. मला कळलं ते कॅलेंडरवरून. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या चौकोनांत आमच्याकडे दुधाचा हिशेब असतो, 'टाकी लावली' ही तारीख असते, म्हैस भरवल्याचीही नोंद असते. त्या दिवशीच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'कुकर १२४९, दिले १३००, पोरगा वरडला, ३.१०.' वहिनींना तेव्हा कल्पना नव्हती, पण पुढच्या सगळ्या प्रकरणात हीच एक ओळ कामाला आली. तिच्यामुळेच हा लेख लिहितो आहे.

भय आणि भीड

घरपोच सेवा देणाऱ्यांच्या दमदाटीबद्दल आपण वाचतो ते बहुतेक शहरांतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात जेवण पोचवायला आलेल्या एका माणसाला, १९ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या विनयभंगाच्या तक्रारीवरून कोंढवा पोलिसांनी अटक केली होती. शहरातलं भय अनोळखी माणसाचं असतं. दार उघडलं तर समोर कोण उभा आहे, हेच ठाऊक नसतं.

देवणीसारख्या तालुक्याच्या गावात उलटं असतं. समोर उभा असलेला पोरगा पलीकडच्या गावच्या पाहुण्यातला निघतो. त्याला आपलं घर माहीत, घरातले पुरुष कामावर कधी जातात ते माहीत, मोबाईल नंबर तर पार्सलवरच छापलेला. पुढचं पार्सलही तोच आणणार. म्हणजे इथं भयाच्या जोडीला भीड असते. "जाऊ द्या, पन्नास रुपयांसाठी कशाला वाईटपणा घ्यायचा?" हे वाक्य आमच्या गल्लीत मी चार घरांत ऐकलं. चारही घरांनी कधी ना कधी वरचे पैसे दिले होते आणि प्रत्येक घराला वाटत होतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते असं.

यात आणखी एक गंमत आहे. देवणीचं नाव देशभर गेलं ते इथल्या गोवंशामुळे. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवेरा, चेहऱ्यावर काळी छटा असलेला वानेरा आणि पांढराशुभ्र बालंक्या हे देवणीचे तीन प्रकार इथलं शेंबडं पोरही लांबून ओळखतं. बाजारात बैल घ्यायचा तर आमचा माणूस दात बघतो, चालवून बघतो, खुरं बघतो आणि सौदा झाल्यावर पावती फाडल्याशिवाय दावं हातात घेत नाही. तोच माणूस दारात आलेलं खोकं न उघडता ओटीपी सांगून मोकळा होतो आणि वरचे पैसे पावतीशिवाय देतो. बैलाच्या बाजारातली सावधगिरी दारात का गळून पडते? कारण बाजारात आपण उभे असतो चारचौघांत आणि आपल्या रीतीनं. दारात मात्र घाई त्याची, रीत त्याची आणि आपण एकटे.

ते पोरगं नोकर कोणाचं?

वहिनींनी ॲपवर मराठीत तक्रार लिहिली. उत्तर इंग्रजीत आलं : आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, संबंधित विभागाला कळवलं आहे. दोन दिवसांनी तक्रारीसमोर 'निकाली' असा हिरवा शिक्का. पुन्हा लिहिलं, तर 'पोचवणारी संस्था वेगळी आहे, त्यांच्याशी बोला'. त्या संस्थेच्या क्रमांकावर फोन केला, तर यंत्र बोललं. उदगीरच्या गोदामात विचारलं, तर "तो पोरगा आमचा न्हाई, ठेकेदाराचा हाय."

यालाच टोलवाटोलवी म्हणतात, पण ती कुणा एकाच्या आळसातून येत नाही. धंद्याची बांधणीच तशी आहे. वस्तू विकतो एक, ॲप चालवतो दुसरा, माल वाहतो तिसरा, तालुक्याचं गोदाम चालवतो चौथा ठेकेदार आणि दारात येतो पाचवा, ज्याला पगार नसतो, पोचवलेल्या नगामागे पैसे मिळतात. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पंक्चरही त्याचंच. नग परत गेला तर त्या फेरीचं पेट्रोल त्याच्याच अंगावर पडतं. म्हणून 'बसस्टँडावर या'. म्हणूनच कधी कधी घरी न येताच 'ग्राहक घरी नव्हता' असा शेरा मारला जातो. आपण दिवसभर ओसरीवर बसलेलो असतो आणि मोबाईलवर संदेश येतो की आम्ही येऊन गेलो.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये अशा कामांत ७७ लाख माणसं होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांची व्याख्या पहिल्यांदा आली. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीत घालावी, अशी तरतूद तिच्यात आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. देवणीची शीव ओलांडली की कर्नाटक लागतं. तिथं २०२५ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला.

हे सगळं त्या पोराच्या दमदाटीचं समर्थन म्हणून सांगत नाही. पोट सगळ्यांनाच आहे, म्हणून कुणी दुसऱ्याच्या फाटकात शिरून धमकी द्यायची नसते. पण तक्रार करायची कोणाची, हे ठरवायला ही साखळी माहीत हवी. आपण बहुधा साखळीच्या शेवटच्या कडीशी भांडतो, कारण तीच दिसते. पैसे मात्र पहिल्या कडीनं घेतलेले असतात आणि घरपोच देण्याचं वचनही तिनंच दिलेलं असतं.

कायद्याचा रोखही तिकडेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या आहे. सेवेचा दर्जा आणि स्वरूप यांच्या जोडीला ती देण्याची रीतही त्या व्याख्येत धरली आहे. म्हणजे कुकर चांगला निघाला तरी तो ज्या रीतीनं दिला गेला तिच्यात खोट असेल, तर तीही त्रुटीच. 'मुलगा ठेकेदाराचा' हे कंपनी आणि ठेकेदार यांनी आपसांत बघायचं. ग्राहकानं त्या ठेकेदाराचं नाव ऐकलेलं नाही आणि त्याच्याशी करारही केलेला नाही.

तक्रार बंद होते, त्रास नाही

कंपनीकडे तक्रार गेल्यावर तिथं काय होतं? बहुतेक ठिकाणी तक्रारीला एक क्रमांक पडतो. समोरच्या खुर्चीवरच्या मुलाला किंवा मुलीला दिवसाला किती क्रमांक 'बंद' केले यावर गुण मिळतात. त्यामुळे प्रश्न सुटण्यापेक्षा क्रमांक बंद होण्याला महत्त्व येतं. तक्रारीचे साचेही ठरलेले असतात : वस्तू आली नाही, फुटली, चुकीची आली, पैसे परत हवेत. 'तुमच्या माणसानं धमकावलं' याला त्या यादीत बहुधा खाना नसतो. मग ती 'पोचवण्याचा अनुभव' अशा गुळमुळीत सदरात जाते आणि चांदण्या किती द्याल, एवढ्यावर संपते.

ई-वाणिज्य नियम, २०२० हे २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. त्यांत दोन गोष्टी ग्राहकानं पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली, प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव, हुद्दा व संपर्क आपल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर ठळकपणे द्यायचा. दुसरी, या अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचं. ॲपवरच्या गप्पांच्या खिडकीतलं यंत्र हा तो अधिकारी नव्हे. त्याचा पत्ता ॲपच्या अगदी तळाशी, 'अटी व शर्ती'च्या शेजारी बारीक अक्षरात असतो. वहिनींना तो शोधायला पाव तास लागला, पण सापडला.

परदेशांतही हे दुखणं नवं नाही. ब्रिटनमध्ये पार्सल कंपन्यांच्या तक्रार हाताळणीवर इतका असंतोष होता की तिथल्या नियामक संस्थेनं, ऑफकॉमनं, या कंपन्यांसाठी खास सूचना काढल्या आणि त्या २०२३ पासून लागू झाल्या. तक्रार कुठं करायची ते ग्राहकाला स्पष्ट सांगा, किती दिवस लागतील ते सांगा, तक्रार घेणाऱ्याला शिकवून तयार करा, इतक्या साध्या गोष्टी त्यांत आहेत. इतक्या साध्या गोष्टीसुद्धा नियामकाला सांगाव्या लागल्या, यावरून काय ते समजावं.

दारात उभं असताना

आता कामाचं. दारात आवाज चढला की त्या क्षणी कायद्याची कलमं उपयोगी पडत नाहीत. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, हिशेब आधी मनाशी पक्का करायचा. पैसे दारात द्यायचे असतील तर सुटे काढून ठेवायचे. शक्य तर ऑनलाइन भरायचे, म्हणजे वादाचं मूळच उरत नाही. ओटीपी ही आपली सही आहे. खोकं हातात येऊन, ते फाटलेलं-भिजलेलं नाही हे बघितल्यावरच ती द्यायची. 'फोनवर ओटीपी सांगा, शेजारी ठेवून जातो' याला सरळ नाही म्हणायचं. महागड्या वस्तूसाठी काही कंपन्या दारातच खोकं उघडून दाखवण्याची सोय देतात. मागवतानाच ती निवडायची.

दुसरी, एकटं राहायचं नाही. शेजारच्या काकूंना नुसती हाक मारली तरी आवाज खाली येतो. घरात कुणी नसेल तर फाटक लावूनच बोलायचं. वाद वाढतोय असं दिसलं की पार्सल नाकारायचा आपल्याला हक्क आहे. 'परत न्या, मी कंपनीशी बोलते' हे वाक्य शांतपणे म्हणता येतं. त्या क्षणी जिंकायची गरज नाही. वरचे पन्नास देऊन दार लावावं लागलं, तरी त्यात कमीपणा नाही. दिले हे लिहून ठेवायला मात्र विसरायचं नाही.

तिसरी गोष्ट न करण्याची. त्याचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकायचा नाही, चार पोरं गोळा करून त्याला गाठायचं नाही. मार्च २०२१ मधली बेंगळुरूची घटना अनेकांना आठवत असेल. जेवण पोचवायला आलेल्या माणसानं नाकावर ठोसा मारला, असा एका महिलेचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्याला अटक झाली. मग त्यानं आपली बाजू सांगितली की आधी तिनंच मारलं आणि पुढं तिच्यावरही गुन्हा नोंदला गेला. काही दिवसांत लाखो लोकांनी दोनदा निकाल देऊन टाकला होता. गावात तर असा निकाल पिढ्यानपिढ्या चिकटतो. शिवाय मारहाण झाली की मूळ तक्रार बाजूला पडते आणि आपणच आरोपी होतो.

पोलिसांकडे कधी?

उद्धटपणा वेगळा आणि धमकी वेगळी. 'पुन्हा मागवू नका' हा उद्धटपणा झाला, त्याची तक्रार कंपनीकडे. जिवाला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करीन असं सांगून समोरच्याला घाबरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली 'फौजदारी धाकदपटशा'चा गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि धमकी ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर सात वर्षांपर्यंत. बाईच्या विनयाला धक्का लागेल असं बोलणं किंवा हावभाव करणं कलम ७९ मध्ये येतं. पार्सलवरचा नंबर वापरून नंतर पुन्हा पुन्हा संदेश पाठवणं, नको म्हटल्यावरही फोन करणं हा पाठलाग आहे, तो कलम ७८ मध्ये येतो.

प्रत्यक्ष धोका वाटला तर ११२ फिरवायचा. तो पोलिसांचा आणीबाणीचा क्रमांक आहे. प्रसंग टळून गेला असेल तर देवणीच्या ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. प्रत्येक प्रकरणात लगेच गुन्हा दाखल होतो असं नाही. प्रकरण अदखलपात्र ठरलं तरी ठाण्याच्या वहीत नोंद होते आणि त्या नोंदीची प्रत मागता येते. पुढं तोच माणूस पुन्हा तसाच वागला तर ही पहिली नोंद बोलते.

टाकीवाल्याचे वरचे वीस

पार्सलाच्या आधीपासून आपल्या दारात येणारा माणूस म्हणजे गॅसची टाकी आणणारा. वरच्या पैशांची सवय आपल्याला लागली ती इथंच. पूर्वी पोस्टमनला दिवाळीत पोस्त द्यायचे. ती खुशीची होती, वर्षातून एकदा, आणि देणाऱ्याच्या मनावर होती. प्रत्येक टाकीमागे मागून घेतलेले वीस-तीस रुपये म्हणजे पोस्त नव्हे.

वितरकाच्या घरपोच क्षेत्रात राहत असाल तर पावतीवरच्या किमतीत टाकी घरी आणून देण्याचा खर्च धरलेला असतो. उलट गोदामावर जाऊन स्वतः टाकी आणली तर तेवढी सूट मिळायला हवी. काही ग्रामीण वितरकांकडे ग्राहकानंच टाकी नेण्याची पद्धत असते, म्हणून आपलं गाव कुठल्या क्षेत्रात येतं हे वितरकाकडे एकदा विचारून घ्यावं. पावती नसेल तर पैसे नाहीत, एवढा नियम घरात करावा.

टाकी घेताना तीन आकडे बघायचे. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. ते १५.९ असेल तर भरलेली टाकी ३०.१ किलो भरली पाहिजे. पोचवणाऱ्यानं वजनकाटा जवळ ठेवायचा असतो आणि आपण तो मागू शकतो. तिसरा आकडा टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला रंगवलेला असतो : ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढं वर्ष. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. 'डी-२७' म्हणजे डिसेंबर २०२७ पर्यंत ती टाकी पुन्हा तपासायला जाणार. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. मोबाईलवर येणारा पोच-क्रमांकही टाकी हातात आल्यावरच सांगायचा.

तक्रारीसाठी तेल कंपन्यांचा निःशुल्क क्रमांक १८०० २३३३ ५५५ आहे आणि गळतीसाठी १९०६. वितरकाशी वाद असेल तर तहसीलच्या पुरवठा विभागातही अर्ज देता येतो. देवणी १९९९ मध्ये तालुका झाली, तेव्हापासून हे कार्यालय गावातच आहे.

कागदाला पाय फुटतात

वहिनींकडे परत येऊ. ॲपवरच्या खिडकीत चार वेळा लिहून हाती काही लागलं नव्हतं, तेव्हा आम्ही दोघं एका संध्याकाळी बसलो आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहिली. पहिल्या मसुद्यात वहिनींनी राग लिहिला होता. दुसऱ्यात फक्त घडलं ते लिहिलं :

'ऑर्डर क्रमांक अमुक. बिल १,२४९ रुपये. दुपारी ३.१० वाजता पोचवणाऱ्यानं १,३०० रुपये घेतले, जादा रकमेची पावती दिली नाही. नकार दिल्यावर फाटकाच्या आत येऊन "घर बघून ठेवलंय तुमचं" असं म्हणाला. ॲपवर चार वेळा तक्रार केली, चारही वेळा तोडगा न काढता बंद केली. माझी मागणी : ५१ रुपये परत, माझा पत्ता व नंबर या व्यक्तीकडे पुन्हा जाणार नाही याची लेखी हमी आणि नियमानुसार एका महिन्यात उत्तर.'

मेलसोबत चार चित्रं जोडली : बिल, फोन आल्याची नोंद, बंद केलेल्या तक्रारी आणि कालनिर्णयाचा तो चौकोन. शेवटचं चित्र लावताना वहिनींना हसू आलं. दुधाच्या हिशेबाशेजारी 'पोरगा वरडला'. पण घटना घडली त्याच दिवशी, त्याच हातानं केलेली नोंद चार महिन्यांनी आठवून सांगितलेल्या हकिकतीपेक्षा भारी ठरते. पोलीस ठाण्यात ठरते, ग्राहक आयोगापुढेही ठरते.

याच मजकुराची एक तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर केली. तिथं मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन खटल्याआधीची पायरी आहे. ती निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवते आणि उत्तर मागते. पण एरवी यंत्राआड बसलेल्या कंपनीत अशा तक्रारी बघायला खरीखुरी माणसं असतात, हा फरक मोठा आहे.

तिथंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जुन्या, १९८६ च्या कायद्यात कंपनीचं कार्यालय जिथं असेल किंवा व्यवहार जिथं घडला तिथं जावं लागे. ऑनलाइन खरेदीत 'व्यवहार घडला कुठं' यावरच वर्ष जायचं. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, देवणीच्या माणसाला लातूरच्या पुढं जायला नको. जिल्हा आयोगाकडे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जातात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल करता येते. साध्या प्रकरणाचा निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरूनच जावं.

५१ रुपयांसाठी कुणी आयोगात जावं असं मी म्हणणार नाही. पण आयोगात जाता येतं हे कंपनीला माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत आहे हे तुमच्या मेलमधून तिला दिसलं पाहिजे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा असा कायदा नव्हता, तो आला २४ डिसेंबर १९८६ ला. मधली बारा वर्षं लोकांनी वजनं-मापं तपासत, पावत्या मागत, पत्रं लिहीत काढली. त्या पत्रांतूनच कायदा झाला.

एकोणीस दिवस

उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. मराठीत. ५१ रुपये खात्यात जमा झाले होते आणि आमच्या गल्लीचा मार्ग दुसऱ्याकडे दिल्याचं लिहिलं होतं. त्या पोराचं काय झालं ते लिहिलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. त्याचं काम जावं असं वहिनींना वाटत नव्हतं. तक्रार कंपनीवर होती.

पुढं दोनेक महिन्यांनी तो गल्लीतून जाताना दिसला, दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची पिशवी पाठीवर. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यानं बघितलं, यांनी बघितलं. कुणीच काही बोललं नाही. गावात राहायचं तर हे असंच असतं, माणूस पुन्हा समोर येतोच. फरक इतकाच की या वेळी वहिनी उठून आत गेल्या नाहीत.

आता गल्लीतल्या त्या चारही घरांच्या कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांशेजारी पार्सलाची ओळ असते : काय आलं, किती दिले, किती वाजता. नवा पोरगा फाटकाबाहेर थांबतो. परवा त्याच्याकडे सुटे एकशे एक नव्हते, तर शेजारच्या किराणा दुकानातून आणून दिले. वहिनींनी तेही लिहून ठेवलं : 'मिक्सरचं भांडं ३९९, दिले ५००, परत १०१, बरोबर.'